गुहेतील डायव्हिंग : एक महागडा रेग्युलेटर की दोन साधे?

प्रश्न : मी काही वर्षे समुद्रात स्कूबा डायव्हिंग करत आहे आणि आता पाण्याने भरलेल्या गुहांत उतरण्याचे रीतसर प्रशिक्षण घेणार आहे. त्यासाठी बाजारातला सर्वांत महागडा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबावर आणून देणारे उपकरण) घ्यावा, असे सांगितले जाते. तेवढ्याने काम भागेल का? वापरलेली उपकरणे विकत घ्यावीत का?

उत्तर : एका महागड्या रेग्युलेटरपेक्षा मध्यम किमतीचे, पण नामांकित बनावटीचे दोन पूर्ण संच घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. खुल्या समुद्रात बिघाड झाला तर सावकाश वर येण्याची वाट मोकळी असते. गुहेत डोक्यावर खडक असल्यामुळे आत जितके गेलो तितकेच मागे पोहत यावे लागते. त्यामुळे कोणते उपकरण बिघडणार नाही याचा शोध घेत बसण्याऐवजी, ते बिघडल्यावर हाताशी काय उरते, हे पाहून खरेदी करावी.

दोन सिलिंडर, प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर स्वतंत्र फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरचा दाब कमी करणारा रेग्युलेटरचा पहिला भाग, ही किमान गरज होय. जोडणी डिन पद्धतीची, म्हणजे आट्यांनी व्हॉल्व्हच्या आत बसणारी असावी. बाहेरून कसलेली योक पद्धतीची पकड खडकाचा धक्का लागल्यास सरकू शकते. पाठीवर जोडसिलिंडर घेणार असाल, तर दोन्ही सिलिंडर जोडणाऱ्या मधल्या नळीवर आयसोलेटर, म्हणजे गरज पडल्यास दोन्ही बाजू एकमेकींपासून तोडणारा व्हॉल्व्ह हवाच. एका बाजूचा रेग्युलेटर बिघडून हवा वाहू लागली, तर त्याच बाजूचा व्हॉल्व्ह बंद करून मधल्या नळीमुळे दोन्ही सिलिंडरमधली हवा दुसऱ्या रेग्युलेटरवर घेता येते. व्हॉल्व्हच्या मुठी कडक प्लॅस्टिकच्या नकोत, रबरी असाव्यात. पुढे पोहताना छताला घासून डावी मूठ बंद होण्याच्या दिशेने फिरते, उजवी मात्र उघडण्याच्या दिशेने. म्हणूनच अडचणीतल्या जोडीदाराला द्यायचा, सुमारे २ मीटर लांब नळीचा रेग्युलेटर उजव्या व्हॉल्व्हवर बसवतात. अरुंद बोळातून दोघांना एकामागे एक बाहेर पडता यावे, यासाठी नळीची ती लांबी असते.

दिवे किमान तीन हवेत : एक मुख्य आणि दोन राखीव. राखीव दिवा लहान असला तरी एकट्याच्या बळावर बाहेर येईपर्यंत टिकला पाहिजे; जाहिरातीतला प्रकाशाचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. परतीची वाट दाखवणाऱ्या दोरीचे रीळ निवडताना दोरी गुंतल्यावर ते हातमोजे घातलेल्या हातांनी सोडवता येते का, हे करून पाहावे. अंगावर लटकणाऱ्या वस्तूंचे हूक धातूच्या कडीत थेट अडकवू नयेत, दोरीच्या फासाने बांधावेत. हूक जाम झाला तर दोरी कापून सुटका होते.

सिलिंडरमधला दाब दाखवणारा प्रेशर गेज साधा, काट्याचा असला तरी चालतो, मात्र तो अचूक हवा. एकतृतीयांश हवा जाण्यासाठी, तितकीच परतण्यासाठी आणि उरलेली राखीव, हा नियम पाळताना २०० बार (दाबाचे एकक) दाबाने सुरुवात केली तर काटा १३५ च्या आसपास येताच मागे वळावे लागते. तो काटाच चुकीचे दाखवत असेल, तर नियम पाळूनही हिशेब चुकतो.

वापरलेली उपकरणे सरसकट टाळण्याचे कारण नाही. बॅकप्लेट (सिलिंडर पाठीवर धरणारी पट्टी), हार्नेस (तिचे अंगावरचे पट्टे), रीळ खुशाल घ्यावेत. रेग्युलेटर मात्र इंटरमीडिएट प्रेशर, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब, मोजूनच घ्यावा. हा दाब बहुतेक रेग्युलेटरमध्ये ९ ते १० बारच्या आसपास असतो आणि श्वास घेतल्यावर काटा किंचित खाली येऊन पुन्हा मूळ जागी थांबतो. तो न थांबता हळूहळू वर चढत राहिला, तर आतली हाय प्रेशर सीट (उच्च दाबाची हवा अडवणारा भाग) झिजलेली आहे असे समजावे. ती बदलता येते, पण सुटे भाग अजून मिळतात का, याची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी. नवा असो वा जुना, सर्व्हिसिंग होऊन आलेला रेग्युलेटर थेट गुहेत नेऊ नये, कारण चुकीचे बसवलेले ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) किंवा सैल राहिलेली नळी पहिल्याच डाइव्हला उघडी पडते. ती डाइव्ह मोकळ्या, उथळ पाण्यात करावी.