73939133 या संख्येत एवढं खास काय आहे? आणि ते कागदावर पडताळता येतं का?

7 कोटी 39 लाख 39 हजार 133 ही मूळ संख्या आहे. तिचा शेवटचा अंक खोडा: 7393913, तीही मूळ. पुन्हा खोडा, 739391. मग 73939, 7393, 739, 73 आणि शेवटी उरतो 7. आठही मूळ! उजवीकडून असं खोडत गेलं तरी दर वेळी मूळच राहणारी याहून मोठी संख्या आपल्या दशमान पद्धतीत नाही. अशा संख्या एकूण 83 आहेत.

कागदावर 739 पर्यंत सहज जमतं. 28 चा वर्ग 784, म्हणून 23 पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी समाजमंदिरात सातवी-आठवीचे पोट्टे घेऊन बसतो. ज्यांचे तिसापर्यंतचे पाढे पक्के आहेत, ते हे तोंडी करतात. 7393 साठी 83 पर्यंत जावं लागतं, म्हणजे 23 भागाकार. अख्ख्या आठ अंकी संख्येसाठी मात्र 8598 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतात, त्या हजाराच्या वर भरतात. तिथे कॉम्प्युटरच बरा.

मला विचाराल तर खरी गोडी तिच्या अंकांच्या ठेवणीत आहे. पहिल्या अंकानंतर 1, 3, 7, 9 सोडून काही येऊच शकत नाही, नाहीतर 2 ने किंवा 5 ने भाग जातो. आता 3 ची कसोटी लावा, अंकांची बेरीज करून. 3 किंवा 9 जोडला तर बाकी बदलत नाही, 1 किंवा 7 जोडला तर एकाने वाढते. सुरुवातीच्या 7 ची बाकी 1. पुढे एकदा 1 किंवा 7 आला की बाकी 2, आणि दुसऱ्यांदा आला की बेरीज थेट 3 च्या पाढ्यात, संख्या बाद. म्हणून 73939133 मध्ये पहिल्या 7 नंतर 1 एकदाच येतो, इतर सगळे 3 आणि 9. 2 किंवा 5 ने सुरू होणाऱ्यांची बाकी आधीच 2, त्यांना 1 आणि 7 अजिबात चालत नाहीत: 23399339, 29399999, 59393339. आठ अंकींपैकी उरलेली एक म्हणजे 37337999. ती 3 ने सुरू होते, म्हणून तिला दोनदा मुभा. त्यातले दोन 7 बघा! हे फळ्यावर उलगडलं की पोरं स्वतःच वहीत पुढचे अंक जोडून बघायला लागतात.

एक अंकीपासून आठ अंकीपर्यंत त्यांची संख्या अशी: 4, 9, 14, 16, 15, 12, 8, 5. नंतर शून्य. शंभराच्या आत चारात एक संख्या मूळ असते, सात-आठ कोटींच्या आसपास साधारण अठरात एक, त्यामुळे वंश वाढण्याऐवजी आटत जातो. आपल्या संख्येपुढे 1 किंवा 7 लावणं तर बेरजेनेच बाद. राहिल्या 739391333 आणि 739391339, त्याही मूळ नाहीत.

डावीकडून खोडायचं ठरवलं तर मधले अंक सम असले तरी चालतात, आणि तिथे शून्य वर्ज्य ठेवूनसुद्धा सर्वांत मोठी संख्या 24 अंकी निघते.