सहावा महिना, आठवडाभर ताप, डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह: अँटिबायोटिक द्यावं का?

बाळाच्या काळजीने बायकोचं अँटिबायोटिक टाळतोय, असं तुम्ही लिहिलंय. टाळू नका. इतका ताप अंगावर काढला तर बाळ दगावू शकतं.

मी नर्स आहे. धाकट्या जावेला सातव्या महिन्यात असाच ताप आला. डोकं ठणकतंय, प्लेटलेट उतरलेल्या, लिव्हरचे आकडे चढलेले. कोणी व्हायरल म्हणे, कोणी बीपीतून झालेलं हेल्प सिंड्रोम, म्हणजे गरोदरपणात लिव्हर आणि प्लेटलेट बिघडवणारा आजार. (दोन्ही असंच दिसतं, डॉक्टरांना दोष नाही.) दिराचं एकच पालुपद: "पोटात बाळ आहे, औषधांचा मारा नको." मी स्पंजिंग करत होते. स्तनाखालच्या घडीत काळी खपली दिसली, भोवती लाल कडा, सिगारेटचा चटका बसावा तशी. दाबली तरी दुखेना, म्हणून तिलाही पत्ता नव्हता. राउंडच्या डॉक्टरांना बोलावून दाखवली. स्क्रब टायफस! बारीक किड्याच्या चाव्यातून होतो. एरवी डॉक्सिसायक्लिन देतात, गरोदरपणात अझिथ्रोमायसिन. रिपोर्टची वाट न बघता त्यांनी त्याच संध्याकाळी सुरू केलं, कारण स्क्रबची आयजीएम ही अँटिबॉडीची रक्ततपासणी, ते पहिल्या आठवड्यात बरेचदा निगेटिव्हच येतं. दोन दिवसांत ताप उतरला. दीर आजही म्हणतो, तो उतरायलाच आला होता. आठवडाभर का नाही उतरला मग, भाऊजी?

तर काख, जांघ, कानामागे, पोटाखालची घडी, सगळं नीट बघायला सांगा. खपली नसली तरी स्क्रब नाही असं होत नाही. तुमच्या 'निगेटिव्ह'वरही जाऊ नका. आठवडा उलटल्यावर एनएस-१ (डेंग्यूची सुरुवातीच्या दिवसांतली तपासणी) बरेचदा निगेटिव्ह येतं, डेंग्यूचं आयजीएम करा. फाल्सिपेरम या मलेरियाचे जंतू वारेत दडून बसतात, बोटाच्या रक्तात कधीकधी सापडत नाहीत, म्हणून मलेरियाची स्मिअर (काचेवरच्या रक्ताची तपासणी) पुन्हा काढायला सांगा. नुसत्या विडाल या रक्ततपासणीवर टायफॉइड ठरवणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. त्यासाठी अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवा.

मी डॉक्टर नाही, अन् हे वाचून दुकानातून अझिथ्रोमायसिन आणू नका. सगळी औषधं चालतात असंही नाही: मलेरियाचं प्रायमाक्विन गरोदरपणात देत नाहीत, तापावर आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉलच. आणि डेंग्यू निघाला तर ताप उतरला की निर्धास्त होऊ नका, खरा धोका तेव्हाच सुरू होतो. पोटात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा कुठूनही रक्त आलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.