आई रोज संध्याकाळी ‘घरी’ जायला निघते

प्रश्न : माझ्या ७६ वर्षांच्या आईला अल्झायमर आहे. दिवेलागणीला ती ‘मला घरी सोड’ म्हणत दाराशी जाते; वास्तविक ती लग्नापासून याच घरात राहते. थोरले बंधू म्हणतात, तिला दरवेळी खरे काय ते ठणकावून सांगावे. काय करावे?

उत्तर : बंधूंचा हेतू चांगला असला तरी त्यांचा मार्ग मला अयोग्य वाटतो, कारण या आजारात नवे लक्षात ठेवण्याची क्षमताच आधी खालावते, त्यामुळे तुम्ही केलेली दुरुस्ती आई विसरतात, पण तुमच्या रागाने आलेली अस्वस्थता त्यांच्या मनात बराच वेळ टिकते. त्यापेक्षा त्यांना माहेराविषयी विचारा, मनसोक्त बोलू द्या आणि मग शेंगा सोलण्यासारख्या ओळखीच्या कामाकडे वळवा. तिन्हीसांजेची ही घालमेल अनेक रुग्णांत दिसते. अंधारून येण्यापूर्वीच घरात भरपूर उजेड करावा.

मात्र गोंधळ एक-दोन दिवसांत एकाएकी वाढला, तर तो आजाराचाच भाग समजून स्वस्थ बसू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातील पाणी कमी होणे किंवा एखादे नवे औषध यांमुळे असे घडू शकते आणि त्यावर उपचार असतात, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि आठवड्यातील काही संध्याकाळी बंधूंनी आईंजवळ थांबावे, असे त्यांना स्पष्टपणे सांगा.