न्यूट्रॉन वापरून भूसुरुंग सापडतात, तर माणसं अजून सळईने माती का टोचतात? आणि गडचिरोलीत हे यंत्र का नाही?

सापडतात, हे खरं आहे. एम.एस्सी.ला मी न्यूट्रॉन डिटेक्टरवर काम केलंय आणि आता भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून तुमच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर देते.

एम-१४ हा अमेरिकन बनावटीचा सुरुंग जवळजवळ पूर्ण प्लास्टिकचा. धातू म्हणाल तर आतली बारीकशी पोलादी पिन. तिच्यावर वाजेल इतका मेटल डिटेक्टर तीक्ष्ण केला की तो खिळे, पुंगळ्या, पत्र्याचे तुकडे अशा सगळ्यांवर वाजतो, आणि दर वेळी माती जपून उकरावीच लागते.

न्यूट्रॉनला धातूशी देणंघेणं नाही. मंदावलेला न्यूट्रॉन स्फोटकातल्या नायट्रोजनने गिळला की काही वेळा १०.८३ एमईव्ही (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) इतक्या ऊर्जेचा गॅमा किरण बाहेर पडतो. इतक्या वरच्या ऊर्जेला इतर किरणांची फारशी गर्दी नसते, त्यामुळे तो ओळखता येतो. कॅनडाच्या लष्कराने कॅलिफोर्नियम-२५२ या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा न्यूट्रॉन-स्रोत असलेलं असं यंत्र २००२ मध्ये अफगाणिस्तानात नेलं होतं. पण संशयित जागा आधी रडार आणि मेटल डिटेक्टरने दाखवायची आणि याने फक्त खात्री करायची, अशी ती वाटणी.

असं का, ते हिशेबातच दिसतं. रणगाडाविरोधी सुरुंगात सहा-सात किलो टीएनटी हे स्फोटक असतं. टीएनटीत वजनाने साडेअठरा टक्के नायट्रोजन, म्हणजे किलोहून जास्त झाला. एम-१४ मध्ये स्फोटकच २९ ग्रॅम (टीएनटी नव्हे, जास्त नायट्रोजनवालं टेट्रिल), त्यात नायट्रोजन जेमतेम ७ ग्रॅम. माणसाचं पाऊल उडवायला तेवढं पुरतं, पण मोजायला फार थोडं आहे. त्यात वाळूतलं सिलिकॉन १०.६१ एमईव्हीचा किरण सोडतं, अगदी खेटून. गॅमा मोजणाऱ्या नेहमीच्या सोडियम आयोडाइड डिटेक्टरला हे दोन वेगळे काढणं जड जातं.

दुसरी पद्धत हायड्रोजनची. वेगवान न्यूट्रॉन जमिनीत सोडायचे आणि मंद होऊन परत किती येतात ते मोजायचं. हायड्रोजन त्यांना सगळ्यात पटकन मंदावतो, आणि स्फोटकात व प्लास्टिकमध्ये तो भरपूर असतो. आमच्या लॅबमध्ये अमेरिशियम-बेरिलियमच्या न्यूट्रॉन-स्रोताजवळ नुसता मेणाचा ठोकळा सरकवला तरी काउंटरचे आकडे लगेच चढायचे. यंत्र हलकं असतं, उत्तरही झटपट मिळतं. पण पाण्यातही हायड्रोजनच! कोरड्या वाळवंटात ही पद्धत छान चालते, कंबोडियासारख्या ओल्या जमिनीत सुरुंग त्या ओलीतच हरवतो. म्हणून तिथे टीएनटीचा वास ओळखणारे शिकवलेले उंदीर आणि कुत्रे जास्त कामाला येतात. मला यात कमीपणा वाटत नाही. ज्याने शेत मोकळं होईल ते वापरावं.

आता गडचिरोली. तिथला प्रश्न मुळातच वेगळा आहे. माओवाद्यांनी रस्त्याखाली पुरलेल्या सुरुंगांमध्ये दारूगोळा किलोंनी असतो, म्हणजे नायट्रोजन मुबलक. पण तो खोल असेल तर वरची माती न्यूट्रॉन अडवते आणि परतणारा गॅमाही क्षीण करते. शिवाय एकेका जागेवर मिनिटं घालवून जंगलातला कित्येक किलोमीटरचा रस्ता तपासणार कसा? स्रोताच्या किरणोत्सर्गापासून जवानांना लांब ठेवायचं, तर यंत्र गाडीवर हवं, आणि गाडी तर त्याच रस्त्यावरून न्यायची! म्हणून रोड ओपनिंगला, म्हणजे रस्ता सुरक्षित आहे का ते तपासायला, निघालेले पोलीस मेटल डिटेक्टर आणि श्वान घेऊन पायीच चालतात.