डिपॉझिट घरावर असतं, माणशी नसतं

प्रश्न : आम्ही तिघी पुण्यात वाकडला टू बीएचके फ्लॅटमध्ये राहत होतो. भाडं 27,000, डिपॉझिट 90,000, म्हणजे प्रत्येकी 30,000. करार 1 जूनपासून अकरा महिन्यांचा, सहा महिन्यांच्या लॉक-इनचा (तेवढ्या काळात घर सोडायचं नाही). पण त्यावर नावं दोघींचीच, कारण एजंट अंगठे घ्यायला आला तेव्हा मी लातूरला घरी होते. माझे 30,000 मी एका रूममेटला यूपीआयने पाठवले. पुढे नागपूरला बदली झाली. 1 नोव्हेंबरला ग्रुपवर कळवलं, 30 नोव्हेंबरला खोली सोडली. आता दोघी म्हणतात, डिपॉझिट मालकाकडे अडकलंय आणि एप्रिलपर्यंतच्या पाच महिन्यांचं तुझं भाडं 45,000 होतं, म्हणजे उलट तूच 15,000 देणं लागतेस. वर रंगकाम आणि गीझरचा खर्च. 20 डिसेंबरला माझ्या जागी नवी मुलगी आली. तिच्याकडून 30,000 डिपॉझिट घेतल्याचं तिनेच मला मेसेज करून सांगितलं. मी पोलिसांत जाऊ का? फ्लॅटची एक किल्ली माझ्याकडेच आहे, पैसे मिळेपर्यंत ती देऊ नये असं वाटतं.

उत्तर : पैसे मागायचे कुणाकडे, ते आधी ठरवू. मालकाकडे नाही. मालकाच्या लेखी फ्लॅटमध्ये दोन लायसन्सी, म्हणजे करारावर नाव असलेल्या राहणाऱ्या, आहेत आणि त्या दोघींचं मिळून 90,000 त्याच्याकडे आहेत. त्यातले 30,000 तुमच्या पगारातून आले, हे त्याला माहीत असेलही, पण कागदावर नाही. आणि समजा तुमचं नाव करारावर असतं, तरीही करार चालू असताना एक तृतीयांश रक्कम सुटी काढून द्यायला तो बांधील नव्हता. डिपॉझिट घरावर असतं, माणशी नसतं. घर रिकामं होऊन किल्ल्या हातात आल्या की मालक परत देतो. त्यामुळे ‘पैसे मालकाकडे आहेत’ हे तुमच्या रूममेटचं म्हणणं 19 डिसेंबरपर्यंत बरोबर होतं. तोपर्यंत तुम्ही माझ्याकडे आला असता, तर एप्रिलअखेर थांबा, एवढंच मी सांगितलं असतं.

20 डिसेंबरला चित्र बदललं. मालकाकडे आजही 90,000 च आहेत, पण त्या घरासाठी मुलींकडून जमा झालेत 1,20,000. वरचे 30,000 तुमच्या रूममेटच्या खात्यात आहेत. जागा एक आणि तिच्यावर डिपॉझिट दोघींचं, याला कुठलाच आधार नाही. दुसऱ्याच्या पैशाचा लाभ फुकटात ठेवून घेता येत नाही, हे तत्त्व 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 70 मध्ये आहे. तुमच्या प्रकरणात तेवढ्यावरही विसंबायची गरज नाही, कारण तुमच्या तिघींमध्ये करार झालेला आहे. स्टॅम्प पेपरवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर.

तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये जून महिन्यातला, ज्यांना पैसे दिले त्या रूममेटचा मेसेज आहे : ‘कोणाला निघायचं असेल तर एक महिना आधी सांगायचं आणि शक्यतो आपल्या जागी कोणीतरी बघून द्यायचं.’ खाली दोघींचे अंगठे. तोंडी किंवा मेसेजवरचा करार कायद्याने चालतो. लेखी आणि नोंदणीकृत हवा तो मालक आणि लायसन्सी यांच्यातला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 त्याबद्दल आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. तुमच्या तिघींच्या आपसातल्या हिशेबाशी त्या कायद्याचा संबंध नाही.

आता त्या मेसेजमधला एक शब्द पाहा. ‘शक्यतो’. इतक्या वर्षांच्या वकिलीत मी अनेक करार या एका शब्दावर हेलकावे खाताना पाहिलेत. एक महिना आधी सांगणं ही अट आहे. ती तुम्ही पाळली. बदली माणूस देणं ही अट नाही, विनंती आहे, कारण ‘शक्यतो’ म्हटलं की न जमण्याची मुभा आपोआप आली. त्यातही तुम्ही नोव्हेंबरमध्ये दोन मुली पाठवल्या होत्या, हे तुमच्या चॅटमध्ये दिसतं. एकीला ‘रात्रपाळी करते’ म्हणून आणि दुसरीला ‘मासे करते’ म्हणून नकार दिला गेला. कुणासोबत राहायचं हा त्यांचा हक्क, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण निवड त्यांची, तर रिकाम्या खोलीचं बिल तुमच्या नावावर कसं? करार कायद्याच्या कलम 73 च्या स्पष्टीकरणात हेच आहे : नुकसानीची रक्कम ठरवताना ते टाळायचे कोणते मार्ग हाताशी होते, हेही पाहायचं.

म्हणून 45,000 चा आकडा डोक्यातून काढून टाका. पाच महिन्यांच्या भाड्याचं नुकसान झालेलंच नाही. 20 डिसेंबरपासून तुमच्या वाट्याचे 9,000 नवी मुलगी भरते. खोली रिकामी राहिली ती 1 ते 19 डिसेंबर. 9,000 भागिले 31 गुणिले 19, साधारण 5,500 रुपये. सगळ्यात वाईट धरलं तरी वाद एवढ्याचाच. आणि लॉक-इन? ते मालकाशी होतं, सहा महिन्यांचं, आणि 30 नोव्हेंबरला संपलं. तुम्ही त्याच दिवशी निघालात. योगायोग असेल, पण चांगला योगायोग आहे.

गीझर तुम्ही मोडला असेल तर पैसे द्या. तुमच्या पत्रावरून तो मोडला तेव्हा तुम्ही नागपुरात होतात. रंगकामाचं मात्र थोडं वेगळं आहे. घर सोडताना मालक रंगाचे पैसे कापतो, तशी तरतूद करारात असेल तर अकरापैकी सहा महिन्यांचा तुमचा वाटा मागणं गैर नाही. पण ती कपात एप्रिलअखेर होणार. जे अजून कापलंच नाही ते आज तुमच्याकडून वसूल करता येणार नाही. नोव्हेंबरचं वीजबिल थकलं असेल तर तो वाटा आजच भरून टाका आणि तसा मेसेज करा. हिशेबात आपली बाजू चोख असली की नोटिशीला वजन येतं.

पोलिसांत जाऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी पैसे घेतानाच बुडवायचा हेतू होता, असं दिसावं लागतं. जूनमध्ये पैसे घेऊन तुम्हाला सहा महिने घरात राहू दिलं, तिथे तो हेतू कुठून आणणार? चौकीतले साहेब ‘दिवाणी मॅटर आहे’ म्हणतील आणि ते बरोबरच म्हणतील. ग्राहक आयोगातही हे बसत नाही; रूममेट म्हणजे सेवा विकणारं दुकान नव्हे.

नोटीस पाठवायची. दोघींना, एकीला नाही. दुसरी म्हणेल की पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत, पण ग्रुपवरच्या व्यवस्थेला तिनेही अंगठा टाकून होकार दिला होता आणि तुमच्या 30,000 मुळे मालकाचे 90,000 भरले, त्याचा फायदा तिलाही झाला. दोघींनी मिळून दिलेल्या वचनाची पूर्तता कुणाही एकीकडून मागता येते, असं करार कायद्याचं कलम 43 सांगतं. नोटिशीत तारखा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, जूनचा मेसेज, नव्या मुलीचं येणं आणि 30,000 ची मागणी, पंधरा दिवसांची मुदत. विशेषणं नकोत. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. 5,500 चा उल्लेख नोटिशीत करू नका. तो तडजोडीच्या टेबलासाठी राखून ठेवा. समोरून फोन आला आणि 24,500 वर मिटत असेल, तर मी तुमच्या जागी असते तर घेतले असते. कायद्याने तुम्ही ते 5,500 देणं लागत नाही असंच माझं मत आहे, पण पुण्याच्या दोन फेऱ्यांत तेवढे सहज जातील.

नवी मुलगी तुमची महत्त्वाची साक्षीदार आहे आणि ती त्याच घरात राहते, हे विसरू नका. तिच्याकडून लेखी काही लिहून मागू नका, तिला भांडणात ओढू नका. तिचा मेसेज तुमच्या फोनमध्ये आहे, तेवढा पुरे.

तुम्ही रागाने ग्रुप सोडलात, हे मला आवडलं नाही, पण जुनं चॅट तुमच्या फोनमध्ये आहे तोवर बिघडलं नाही. ते आजच एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा. फोन बदलू नका, रीसेट करू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, नुसत्या स्क्रीनशॉटच्या छापील प्रतींवर भागत नाही.

नोटिशीला दाद दिली नाही तर दावा पुण्यातल्या दिवाणी न्यायालयात होईल, नागपुरात नाही, कारण दोघी तिथे राहतात आणि व्यवहारही तिथलाच. मुदत तीन वर्षांची, तेव्हा घाई नाही. पण 30,000 साठी दावा लावायला मी कुणालाच सांगत नाही. वकिलाची फी आणि तारखा धरल्या तर जिंकूनही हातात फारसं उरत नाही. त्याआधी पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज करा. कार्यालय शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या आवारात आहे. कोर्ट फी नाही, आणि स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 खाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाचं पत्र समोरच्याच्या दारात पडलं की सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. लोकअदालतीत समझोता झाला तर त्याला हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नसतं. म्हणजे हप्त्याने देते म्हणून सही केली तर द्यावे लागतात.

राहिली किल्ली. ती अडवलीत तर ‘हिने खोलीचा ताबा सोडलाच नाही’ असं म्हणायची सोय तुम्ही स्वतःच करून देता, आणि मग 1 डिसेंबरपासूनच्या भाड्याचा त्यांचा मुद्दा, जो आज लंगडा आहे, उभा राहतो. उद्या कुरिअरने पाठवा. पाकिटात टाकण्याआधी किल्लीचा फोटो काढा, पावती ठेवा, मिळाल्याचा मेसेज घ्या. तो मेसेज आल्यावरच नोटीस टाका, आधी नाही.