क्लाउडने वीज वाचेल, पण जुना सर्व्हर खरोखर बंद केलात तरच

रत्नागिरीतल्या आंबा-कॅनिंगच्या कारखान्याचा बिलिंगचा सर्व्हर क्लाउडवर (म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरातल्या भाड्याच्या मशीनवर) नेला तर पर्यावरणाचं भलं होईल, असं विक्रेता म्हणतो. ते खरं का, असं तुम्ही विचारलंत. खरं आहे, पण तो सांगतो त्या कारणाने नाही. तो म्हणतो ती ‘शंभर टक्के हरित ऊर्जा’ हा बहुतेक वेळा वर्षाअखेरचा हिशेब असतो: वर्षभरात वापरली तेवढी हरित वीज कुठूनतरी विकत घेतली, एवढाच. रात्री दोन वाजता मुंबईतलं डेटा सेंटर आणि तुमचा कारखाना एकाच ग्रिडवर (वीजजाळ्यावर) असतात, आणि आपल्याकडे एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. फायदा होतो तो युनिटं कमी जळतात म्हणून.

तुमचा सर्व्हर 150 वॅटचा धरा. दिवसरात्र चालू म्हणजे वर्षाला 1,314 युनिटं. वर एसी, आणि तो आपल्याकडे गारव्याइतकाच दमटपणासाठी लावावा लागतो. खारी हवा आत शिरली की पोर्टला गंज धरतो, रॅमच्या पट्ट्या काळवंडतात. मग खोडरबराने घासत बसा. शिवाय लाइट जाते म्हणून यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या. एवढं करून खरं काम किती? एप्रिल ते जून. बाकीचे महिने मशीन नुसतं बसून वीज खातं.

डेटा सेंटरात एकाच मशीनवर अनेकांची कामं चालतात, म्हणून ते रिकामं बसत नाही. गारवा वगैरेवरचा जादा खर्चही कमी. गूगल आपल्या केंद्रांसाठी तो मशीनना लागणाऱ्या विजेच्या सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास सांगतं. 2010 ते 2018 मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांतलं काम साडेसहापट झालं, वीज वाढली जेमतेम 6 टक्के. (एआय आल्यापासून वीज पुन्हा झपाट्याने वाढतेय, पण तुमच्या बिलिंगचा त्याच्याशी संबंध नाही.)

घोळ होतो तो पुढे. ‘असू दे बॅकअपला’ म्हणून जुना सर्व्हर चालूच राहतो, म्हणजे वीज दोन्हीकडे. बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती काढून ठेवा. पावसात नेट जाणारच, तेव्हा ऑफलाइन बिल निघेल असं सॉफ्टवेअर मागा. क्लाउडवरचं मशीन जुलैत लहान करायला सांगा, नाहीतर तिथेही बारा महिने सीझनचंच बिल येईल.

जुना सर्व्हर नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडेच द्या. साधा भंगारवाला तांब्यासाठी वायरी जाळतो. बॅटऱ्या नवीन घेताना दुकानदार परत घेतो.