जिन्याचा फोटो आधी टाक

बेटा,

काल फोनवर तू विचारलंस त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, कारण मला राग आला होता. महिना होत आला नागपुरात अजनीच्या घराचा वरचा मजला पाहुण्यांना भाड्यानं द्यायला एअरबीएनबीवर टाकून, एक बुकिंग नाही, आणि आता मित्रांना एकेक रात्रीचं बुकिंग करायला लावून पाच-पाच स्टार घ्यायचे असं तुझ्या डोक्यात आलंय. हे करायचं नाही. पकडल्या गेलास तर लिस्टिंग जाईल ते वेगळंच, पण मी म्हणते नाही पकडल्या गेलास तरी, ते रिव्ह्यू वाचून जो खरा माणूस बॅग घेऊन दारात उभा राहील त्याला तू काय दाखवणार आहेस? मित्रांनी लिहिलेलं घर तुझ्याकडे नाहीच आहे.

रात्री बसून तुझी लिस्टिंग पूर्ण पाहिली. बेडचे फोटो चार, खिडकीतल्या कुंडीचे दोन, आणि जिन्याचा एकही नाही. अरे, बाहेरून लोखंडी गोल जिना आहे तुमच्याकडे, अरुंद, एका हातात बॅग धरली तर दुसरा हात कठड्यावरून निघत नाही. आजीच्या वर्षश्राद्धाला मी चढलेय त्यावरून, पदर खोचून. रेल्वे लाईन मागेच आहे, रात्री मालगाडीचा भोंगा थेट उशाशी वाजतो, त्याबद्दल एक ओळ नाही. एसी लिहिलाय, पण तो फक्त बेडरूममध्ये आहे, बाहेरच्या खोलीत कूलर, हेही नाही. आणि मग म्हणतोस लोकांचा भरोसा बसत नाही.

जे आहे ते आधी सांग. तुझे मित्र, ते यूट्यूबवाले काही का सांगेनात, तू हे धरून ठेव.

तुझ्याकडे येणार कोण याचा विचार केलास का? अजनीत कोणी फिरायला येत नाही. पेंच-ताडोबावाले रात्री विमानतळावर उतरतात नि पहाटे गाडी करून निघून जातात, त्यांच्या मागे लागू नकोस. तुझे लोक म्हणजे मेडिकलमध्ये, सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पेशंट असलेले, गोंदिया, यवतमाळ, पार छिंदवाडा-बालाघाटहून आलेले. परीक्षेला आलेली पोरं आणि त्यांचे आईबाप. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की कामं घेऊन येणारी माणसं, तेव्हा गावात खोली भेटत नाही. या माणसांना तुझी कुंडी पाहायची नाही. त्यांना पाहायचंय की सकाळी सहाला गरम पाणी येते का, पेशंटसाठी खिचडी टाकायला गॅस आहे का, रात्री दोनला दवाखान्यातून परत आलो तर कुलूप कसं उघडायचं, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले बाबा वर चढतील का. नाही चढणार. तर त्यांना घरून निघायच्या आधी कळू दे, दारात येऊन नाही. आजारी माणसाला खाली रिक्षात बसवून पोरगा वर येतो, जिना पाहतो, परत खाली जातो, हे माझ्या डोळ्यापुढे येतं नि माझा जीव वरखाली होतो.

माझं म्हणशील तर माझ्या लिस्टिंगवर पहिल्या चार ओळींत लिहिलंय की बाजूला मंगल कार्यालय आहे, लग्नसराईत रात्री दहापर्यंत बँड वाजतो. एक जण आला होता, लोकांच्या खोल्या चालवून देतो म्हणे, कमिशनवर, त्यानं पहिलं सांगितलं की काकू ही ओळ काढा. सून पण म्हणते आई काढा. मी काढली नाही नि काढणार पण नाही. जातात बुकिंग, मला दिसते ना, लोक विचारतात आणि मग गप्प होतात. पण त्याच ओळीमुळे मला लग्नाचे पाहुणे भेटतात, ज्यांना कार्यालयाच्या बाजूलाच खोली पाहिजे असते, आणि त्यांना बँडचं काय, ते त्यातच नाचून आलेले असतात. मी हट्टी आहे असं घरात सगळे म्हणतात. आहे मी हट्टी. माझ्या दारात येऊन आजवर कोणी म्हणालं नाही की तुम्ही सांगितलं नव्हतं.

आणि हट्ट असाच नाही आला. तुझ्या काकांना फार वाटायचं की मागच्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवावे, माणसं येतील, गप्पा होतील. नातेवाईक म्हणाले घराची धर्मशाळा करता का, आणि ते गप्प बसले. खोल्या वर्षानुवर्षं कुलपात राहिल्या. सुरू केलं तेव्हा गप्पा मारायला ते नव्हते. म्हणून तू लोकांचं ऐकून तुझं घर आहे त्यापेक्षा वेगळं दाखवायला लागलास की मला राहवत नाही, समजून घे.

बाकी कामाचं सांगते. नव्या लिस्टिंगला पहिल्या तीन बुकिंगवर २० टक्के सूट द्यायची सोय असते, ती चालू कर, आणि तीन रिव्ह्यू झाल्याशिवाय स्टारचा सरासरी आकडा दिसतच नाही, म्हणून या पहिल्या तिघांत नफा पाहू नको. रिव्ह्यू लिहायला १४ दिवस असतात, निघताना एकदा सांग, मागे लागू नको. मेसेजला लगेच उत्तर दे, झोपला असशील तर उठून दे. स्वतःहून बुकिंग कॅन्सल करायचं नाही म्हणजे नाही, चांगल्या यजमानाला एअरबीएनबी सुपरहोस्ट म्हणते, त्याला ४.८ रेटिंग लागते आणि कॅन्सलेशन एक टक्क्याच्या आत, पण ते सोड, कोणाचा पेशंट आहे नि तू आदल्या दिवशी नाही म्हणतोस हे शोभते का? परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाईन कळवावी लागते. तुम्ही खालीच राहता, तर पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी कर, कागद भिंतीवर लावला की घरी बायामाणसं घेऊन येणाऱ्याला धीर येतो.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, बाबासाहेबांनी १९५६ ला दीक्षा दिली त्या जागेवर. त्या दिवसांत भाडं दुप्पट करायचं कोणी सुचवेल. करू नको. रोजचं जे आहे तेच ठेव आणि तेही आधी लिही.

कूलरचं पण लिही नीट. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मुंबईचा माणूस कूलर पाहून घाबरतो, त्याला माहीतच नसते की गवताच्या नव्या ताट्या लावल्या नि टाकीत पाणी भरलं की दुपार निघते. हे पण सांग की पावसाळ्यात कूलर कामाचा नाही, दमटपणा वाढतो. आणि ताट्या खरंच बदल, मागच्या वर्षीचं कुजकट गवत ठेवून नवीन लिहू नकोस.

आज उन्ह उतरलं की जिन्याचा फोटो काढ. खालून एक, अर्ध्यातून एक, पायऱ्या मोजून आकडा लिही. जिन्यावर बल्ब नाही, तो फोटोच्या आधी लावून घे, रात्री लोक बॅगा घेऊन चढतील. पहिल्या ओळीत लिही की ज्येष्ठ माणसांना आणि पेशंटला वर चढणं जमणार नाही. लिहून झालं की मला लिंक पाठव, मी वाचते, आणि काही लपवलेलं दिसलं तर रात्री बाराला पण फोन करीन.

तुझी,
काकू